‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून

(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)

‘शिळ्या कढीला ऊत’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. कुणी जुनेच भाषण नव्याने ठोकले, किंवा गेल्या वर्षीचाच लेख चार शब्द बदलून पुन्हा दिला, की आपण ही म्हण वापरून मोकळे होतो. त्यामुळे एकदा तयार झालेला मजकूर पुन्हा वापरणे हे आळसाचेच लक्षण, असा आपला समज झालेला आहे. परंतु कोणत्याही संस्थेच्या कामकाजाकडे जरा बारकाईने पाहावे. मग ती बँक असो, सहकारी सोसायटी असो, नभोवाणी केंद्र असो की आपले महाविद्यालय असो. तिला तोच मजकूर निरनिराळ्या लोकांपर्यंत, निरनिराळ्या मार्गांनी पुन्हा पुन्हा पोचवावाच लागतो. तो कसा पोचवावा, त्यात काय साधते आणि काय बिघडते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणे घेतली आहेत ती माळव्यातील धार आणि देवास या दोन गावांची. दोन्ही ठिकाणी पवारांची मराठी संस्थाने होती. नर्मदेपलीकडच्या त्या मुलखात मराठी भाषा दरबाराबरोबर गेली आणि दरबार संपल्यावरही घराघरांत टिकून राहिली. शिवाय आपल्या सीमाभागातील, कन्नड मातृभाषेचा एक मुलगा पुढे देवासला जाऊन राहिला आणि त्याने जुन्या मजकुराचे काय करता येते हे साऱ्या देशाला दाखवून दिले. त्याची हकीकत पुढे येईलच.

मजकूर हेही भांडवल

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक गोष्टीचा खर्च विचारण्याची खोड असते. तेव्हा प्रथम खर्चाचीच बाजू पाहू. एखाद्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घ्या. त्यातील आकडे कारकून जमवतो, हिशेबतपासनीस तपासतो, संचालक मंडळ मंजूर करते. यात कित्येक दिवसांचे श्रम असतात. खरा खर्च आहे तो इथे. एकदा हा अहवाल सिद्ध झाला की त्यावरून अध्यक्षांचे भाषण तयार करणे, फळ्यावर चार ओळी लिहिणे, सभासदांना पत्र धाडणे किंवा आजच्या काळात भ्रमणध्वनीवर निरोप पाठवणे, यांना लागणारा जादा खर्च त्या मानाने किरकोळ असतो.

साखर कारखान्यात रसापासून साखर होते, मळीपासून मद्यार्क होतो, चिपाडावर बॉयलर पेटतो. एकाच उसाच्या खर्चातून अनेक वस्तू निघतात, म्हणून कारखाना तग धरतो. मजकुराचेही तसेच आहे. फरक इतकाच की ऊस एकदा गाळला की संपतो, मजकूर वापरल्याने संपत नाही. उलट तो वापरला नाही तरच वाया जातो. कपाटात धूळ खात पडलेले अहवाल हा संस्थेचा पडून राहिलेला मालच होय.

हे ओळखणारे उद्योजक महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटेसे पत्रक सुरू केले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि हितचिंतकांपर्यंत पोचवावी, हा मूळ हेतू. पण नुसती नांगराची जाहिरात कोण वाचणार? म्हणून माहितीला गोष्टीचे, चित्राचे, विचाराचे रूप देण्यात आले, आणि त्या पत्रकाचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. माहिती कारखान्याचीच होती. पण ती कुणाला सांगायची आणि कशा प्रकारे सांगायची, याचा विचार झाला म्हणून हे घडले.

धारचा दगड

आता धारकडे वळू. परमारांच्या काळात धार ही माळव्याची राजधानी होती आणि भोजराजाच्या विद्याप्रेमाच्या कथा आजही सांगितल्या जातात. भोजानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, तेराव्या शतकाच्या आरंभी, त्याच घराण्यातील अर्जुनवर्मा गादीवर होता. त्याचा गुरू मदन हा मोठा कवी. त्याने राजाच्या गुजरातवरील विजयाच्या निमित्ताने ‘पारिजातमंजरी’ नावाची चार अंकी नाटिका रचली. वसंतोत्सवात, शारदेच्या मंदिरात तिचा प्रयोग व्हावा अशी योजना होती. राजदरबाराच्या दृष्टीने पाहता हा एक विजयवृत्तान्तच होता. मात्र तो शृंगाराच्या आणि उत्सवाच्या वेषात रंगभूमीवर आला.

पण दरबार एवढ्यावर थांबला नाही. नाटकाचा प्रयोग एका रात्रीत संपतो. पाहणारे पाहतात आणि घरी जातात. म्हणून हीच नाटिका काळ्या दगडाच्या मोठ्या शिळांवर कोरून घेण्यात आली. त्यातील एक शिळा १९०३ साली धारच्या भोजशाळा–कमाल मौला मशीद या वास्तूत सापडली. तिच्यावर ब्याऐंशी ओळींत नाटिकेचे पहिले दोन अंक आहेत. हुल्ट्श या जर्मन पंडिताने ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ या नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापले. अशा रीतीने एकच मजकूर रंगमंचावरून दगडावर आणि दगडावरून छापील पानावर आला.

उरलेले दोन अंक कुठे गेले? ते बहुधा दुसऱ्या शिळेवर असावेत, आणि ती शिळा हाती आलेली नाही. या नाटिकेचा जो मजकूर आज आपल्याला ठाऊक आहे, तो एवढ्या एका दगडामुळे. आणि जो ठाऊक नाही, तो दुसरा दगड हरवल्यामुळे. तिच्या दहा-वीस पोथ्या गावोगावी राहिल्या असत्या तर एक शिळा गेल्याने काही बिघडले नसते. मजकूर अनेक मार्गांनी पसरवणे हा केवळ प्रसिद्धीचा प्रश्न नसून मजकुराच्या जिवाचा विमा आहे, ही गोष्ट धारचा दगड जितकी स्पष्ट सांगतो तितकी कोणतेही पाठ्यपुस्तक सांगत नाही.

धारलाच आणखी एक नवलाची वस्तू आहे. संस्कृत वर्णमाला आणि व्याकरणातील प्रत्यय वेटोळे घातलेल्या सापाच्या आकृतीत कोरलेले तेथे पाहावयास मिळतात. याला सर्पबंध किंवा नागबंध म्हणतात. असे नागबंध उज्जैनच्या महाकाल मंदिरात आणि निमाडातील ऊन या गावीही आहेत. वास्तविक हे प्रत्यय व्याकरणाच्या पोथीत होतेच. मग ते सापाच्या अंगावर कशासाठी? कारण पोथी ही सोडून, मांडीवर घेऊन वाचायची वस्तू आहे, तर भिंत ही येता-जाता पाहायची वस्तू आहे. भिंतीवर पोथीची पाने जशीच्या तशी उतरवली असती तर कुणी ढुंकूनही पाहिले नसते. चित्र केले म्हणून नजर खिळते. आपल्या वर्गात भिंतीवर टांगलेले तक्ते हे याच नागबंधाचे वंशज होत. मार्ग बदलला की मजकुराची मांडणी बदलावी लागते, हे शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

देवासची पत्रे

देवास हे गाव लहान; पण एके काळी या एका गावात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांच्या वाटणीतून ही दोन संस्थाने झाली. थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक काही महिने खाजगी चिटणीस म्हणून राहिला होता. त्यापूर्वी १९१२–१३ च्या सुमारासही तो देवासला येऊन गेला होता. दरबारात जे जे दिसे ते तो पत्रांतून इंग्लंडमधील आपल्या आईला आणि आप्तमित्रांना कळवीत असे. राजवाड्यातील गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे वर्णनही त्याने असेच पत्रांतून लिहिले.

या पत्रांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९२४ साली त्याची ‘ए पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या ‘टेंपल’ या शेवटच्या भागात एका हिंदू संस्थानातील गोकुळाष्टमी येते. ती देवासचीच, पण संस्थानाचे नाव बदललेले, पात्रे निराळी. उत्सवात प्रोफेसर गोडबोले नावाचे दक्षिणी ब्राह्मण भजन करतात आणि तुकोबांचे नाव घेतात. आपले तुकोबा अशा प्रकारे देवासच्या मराठी दरबारातून इंग्रजी कादंबरीत जाऊन बसले! मातीच्या गोकुळाचे विसर्जन पत्रांतही आहे आणि कादंबरीतही आहे. पण कादंबरीत त्याच वेळी तलावात दोन होड्या एकमेकींवर आदळतात आणि दुरावलेली माणसे एकत्र पाण्यात पडतात. ही टक्कर लेखकाने कथेच्या गरजेसाठी घातली. कादंबरीत ते चालते. कादंबरीने खरे घडलेले सांगेन असे वचन दिलेले नसते.

पुढे १९५३ साली त्याने मूळ पत्रेच ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली. येथे होड्यांची टक्कर घालून चालले नसते, कारण हे पुस्तक प्रत्यक्ष घडलेले सांगणारे होते. याच कादंबरीचे १९६० साली शांता रामा राव यांनी नाटक केले. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव परके वाटू नये. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांच्या त्या कन्या. १९८४ मध्ये डेव्हिड लीन यांनी चित्रपट काढला, त्यात हा देवासचा भाग फारच आखडता घेतला गेला. पत्र, कादंबरी, छापील पत्रसंग्रह, नाटक, चित्रपट अशा पाच रूपांतून एक अनुभव फिरला आणि दर वेळी त्यातले काही गळले, काही वाढले.

यातून आपल्या विषयापुरते दोन धडे निघतात. पहिला असा की मूळ पत्रे जपून ठेवली होती म्हणूनच बत्तीस वर्षांनी त्यांचे पुस्तक होऊ शकले. मूळ प्रत फाडून टाकून नुसते रूपांतर ठेवणाऱ्या संस्थेला ही सोय राहत नाही. दुसरा धडा जरा नाजूक आहे. ही पत्रे खाजगी होती आणि त्यांत एका राजाच्या घरातील गोष्टी होत्या. पुस्तक निघाले तेव्हा तुकोजीरावांना जाऊन पंधरा वर्षे उलटली होती. एका कामासाठी मिळालेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरताना ती ज्याच्याविषयी आहे त्याचा विचार केला पाहिजे. कर्जाच्या अर्जात सभासदाने लिहिलेली घरची अडचण ही संस्थेच्या अहवालातील ‘हृदयस्पर्शी उदाहरण’ होऊ शकत नाही, निदान त्याला विचारल्याशिवाय तरी नाही.

सुळेभावी ते देवास

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकून जसेच्या तसे गाऊन दाखवी. लोक थक्क होत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला त्या वयातच मिळाली आणि पुढे तेच नाव झाले. म्हणजे आरंभ नकलेपासून झाला. तबकडीतून गळ्यात आणि गळ्यातून सभेत. मजकूर तोच आणि मांडणीही तीच.

पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. क्षयाची बाधा झाली आणि १९४८ च्या आरंभी, कोरड्या हवेसाठी, ते देवासला येऊन राहिले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातील बायकांची लग्नातली, सणावारांची, ऋतूंची गाणी कानांवर पडत. नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने कानांवर पडत. या लोकधुनांचा त्यांनी अभ्यास केला, त्या टिपून ठेवल्या. बरे झाल्यावर त्यांनी जे केले ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी लोकगीत उचलून तसेच मैफलीत नेऊन बसवले नाही. त्या धुनेत कोणता राग दडलेला आहे हे शोधले आणि धुनेतून नवे राग उभे केले. त्यांना ते ‘धुनउगम’ राग म्हणत. हे राग आणि बंदिशी ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात स्वरलिपीसह १९६५ साली छापल्या गेल्या. लोकगीते लोकगीतांच्या रूपातच ऐकवायची तेव्हा त्यांनी ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे स्वतंत्र कार्यक्रम बांधले. राजकवी भा. रा. तांबे यांच्या छापील कवितांतूनही त्यांनी असाच एक कार्यक्रम उभा केला.

मैफल, ग्रंथ, नभोवाणी, तबकडी हे चार मार्ग होत, आणि प्रत्येकाची शिस्त वेगळी. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा म्हणजे तो कापायचा नसतो, तर तीन मिनिटांचा म्हणून नव्याने बांधावा लागतो. ग्रंथात आवाज नसतो, म्हणून स्वरलिपी लागते. जसेच्या तसे उतरवणे लहान मुलालाही जमले होते. नव्या मार्गासाठी नव्याने बांधणे हे प्रौढ कलावंताचे काम ठरले. शिळी कढी आणि नवा स्वयंपाक यांतील फरक तो हाच.

असेच काम त्याच भागात एक सरकारी संस्थाही करीत होती. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. तेथील ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी ही दोन पात्रे माळवी बोलीत शेतीभातीच्या गप्पा मारीत, आणि ती माळव्यात घरोघर ओळखीची झाली. खते, बियाणे, कीड यांविषयीचा सरकारी मजकूर कार्यालयीन भाषेत असतो. तो तसाच नभोवाणीवर वाचून दाखवला तर शेतकरी खटका बंद करील. तेच दोघा गावकऱ्यांच्या बोलण्यातून आले की तो कान देतो. आणि मात्रा किती, फवारणी केव्हा, हे बोलीत सांगितले म्हणून बदलत नाही.

धारचा किल्ला आणि एक अक्षर

येथे धारचीच आणखी एक आठवण सांगितली पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या आज्ञापत्रात ‘नारायणरावास धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले, ही आख्यायिका महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावयाची. पण आपल्या भाषेला तिने एक वाक्प्रचार कायमचा दिला. पुढे धावपळीच्या काळात याच आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्यात आश्रय घेतला आणि जानेवारी १७७५ मध्ये तेथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला.

मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण व्यवस्थापनाच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. कागद तोच, शाई तीच, एक अक्षर बदलले. आजच्या कामकाजात असे बदल दुष्टपणाने क्वचितच होतात. घाईने मात्र रोज होतात. अहवालात ‘थकबाकी वजा जाता नफा’ असे असते, भाषणात नुसता ‘नफा’ होतो. परिपत्रकात ‘३१ मार्चपूर्वी अर्ज केल्यास’ असते, फळ्यावर ‘३१ मार्चपर्यंत’ होते, आणि ३१ तारखेला आलेला माणूस परत जातो. पात्रतेची अट लांबलचक म्हणून गाळली जाते आणि ज्यांना लाभ मिळायचाच नाही असे लोक रांगेत उभे राहतात. मजकूर आखूड करताना विशेषणे गाळावीत, अटी गाळू नयेत.

आपल्या भागात तर दोन भाषांची गंमत आहे. मराठीतील ‘ठेव’ कन्नडमध्ये ‘ठेवणि’ होते, तेव्हा सभासदाला फारसे अडत नाही. पण ‘साल’ हा शब्द घ्या. मराठीत साल म्हणजे वर्ष; कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. ‘नवे साल, नवी योजना’ ही मराठी पाटी शब्दाला शब्द ठेवून कन्नडमध्ये नेली तर ती नव्या वर्षाऐवजी नव्या कर्जाच्या शुभेच्छा देईल! कन्नड वर्तमानपत्रात ‘साल मन्ना’ असा मथळा दिसला तर त्याचा अर्थ कर्जमाफी. एखाद्या मराठी वाचकाला वाटेल की वर्षच रद्द झाले. म्हणून दोन भाषांतील मजकूर हा एका भाषेची सावली असू नये. १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रे एकाच मंडळींनी काढली. एक मराठीत, दुसरे इंग्रजीत. धोरण एक होते, पण वाचक निराळे, म्हणून लेखणीही निराळी चालली.

जे पोचत नाही त्याची किंमत

हा सारा विचार करण्याचे कारण केवळ पुस्तकी नाही. माझ्या आजीची एका पतसंस्थेत मुदत ठेव होती. मुदत संपली की ठेवीचे नूतनीकरण करून घ्यावे, नाही तर पुढील काळास बचत खात्याच्या दरानेच व्याज मिळेल, असा नियम होता. तो नियम वार्षिक अहवालात छापलेला होता. मुदत संपल्याचा निरोपही भ्रमणध्वनीवर आला होता. पण तो इंग्रजीत. आजी मराठी वाचते, कन्नड बोलते, इंग्रजी तिला येत नाही. सात महिने ठेव तशीच पडून राहिली आणि व्याज बुडाले. संस्थेने नियम मोडला नाही. माहिती होती, खरी होती, वेळेवरही पाठवली होती. फक्त ती आजीपर्यंत येणाऱ्या वाटेने आली नाही. आजी दर आठवड्याला दूध डेअरीत जाते, तेथला फळा वाचते, आणि पासबुक भरून घेताना कारकुनाशी दोन शब्द बोलते. पासबुकावर एक शिक्का किंवा कारकुनाच्या तोंडचे एक वाक्य पुरेसे होते.

तेव्हा संस्थेने काय करावे? मला जे सुचते ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराची एक मूळ प्रत असावी, तिच्यावर तारीख असावी, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे हे ठरलेले असावे. सारी रूपांतरे या मूळ प्रतीवरून करावीत. रूपांतराचे रूपांतर करू नये. नकलेची नकल करीत गेले की ‘ध’चा ‘मा’ होण्यास वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट, लिहिण्यापूर्वीच त्या मजकुरातील न बदलणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारावी. आकडे, तारखा, नावे, दर, अटी या त्यात येतात. बाकी सर्व बदलण्याची मोकळीक असावी.

तिसरी गोष्ट, मार्ग कोणता आणि घेणारा कोण हे आधी विचारावे. फळा वाचणारा उभा असतो, त्याला चार ओळी पुरतात. सभेत बसलेल्याला ऐकायचे असते, त्याला आकड्यांचे कोष्टक नको, ‘गेल्या वर्षी शंभरांतले अमुक, यंदा अमुक’ असे हवे. हिशेब तपासणाऱ्याला मात्र संपूर्ण कोष्टकच लागते. तिघांना एकच कागद देणे म्हणजे तिघांपैकी दोघांना काहीच न देणे.

चौथी गोष्ट, प्रत्येक रूपावर ते कुठून घेतले आणि कोणत्या तारखेचे आहे हे लिहावे. मुळात दुरुस्ती झाली तर ती सर्व रूपांत झाली पाहिजे. संकेतस्थळावर नवा व्याजदर आणि दारावरच्या फलकावर जुना, असे चित्र आपण पाहतोच.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, सभासदाचे खाजगी ते खाजगीच ठेवावे. मजकूर संस्थेच्या कपाटात आहे म्हणून तो संस्थेच्या मालकीचा झाला असे नव्हे.

या पाच गोष्टींना मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक जबाबदार माणूस, एक वही आणि थोडी सवय एवढे पुरते. यंत्रे आज पुष्कळ झाली आहेत. एक कळ दाबली की तोच निरोप हजार जणांना जातो, भाषांतरही आपोआप होते. पण यंत्राला आपली आजी ठाऊक नसते, आणि ‘साल’ म्हणजे वर्ष की कर्ज हे प्रत्येक वेळी त्याच्या ध्यानात येईलच असे नाही. ते पाहायला माणूसच लागतो, आणि सीमाभागात वाढलेल्या, दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना हे काम इतरांपेक्षा सहज जमावे. उद्या आपल्यातील कित्येक जण बँकांत, सोसायट्यांत, कचेऱ्यांत नोकरीस लागतील. तेथे आपल्या टेबलावरून जो कागद पुढे जाईल, तो समोरच्या माणसाला समजेल अशा रूपात गेला आणि त्यातील ‘ध’ हा ‘ध’च राहिला, तर आपले वाणिज्य शिक्षण कारणी लागले असे म्हणता येईल.